पाठलाग व छळाच्या गुन्ह्यांचा खटला : ढोकीच्या पोलीस ठाण्यापासून धाराशिवच्या न्यायालयापर्यंत

लातूर–बार्शी मार्गावरील ढोकी हे गाव तेरणा साखर कारखान्यामुळे सर्वत्र परिचित आहे. संत गोरोबाकाकांचे तेर येथून जवळच आहे. गावाला रेल्वेस्थानक आहे, बाजारपेठ आहे आणि स्वतःचे पोलीस ठाणेही आहे. अशा गावांतील अनेक मुली दररोज एस.टी.ने वा रेल्वेने शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेरगावी जातात. या रोजच्या प्रवासात एखादा मुलगा मागे लागला, तर घरातील पहिली प्रतिक्रिया बहुधा पोलीस ठाण्याकडे वळत नाही. मुलीचे कॉलेज बंद होते, मोबाईल काढून घेतला जातो आणि स्थळे पाहण्यास सुरुवात होते. गुन्हा एकाने करावा आणि शिक्षा दुसरीने भोगावी, असा हा उलटा न्याय आहे. कायदा काय सांगतो आणि खटला कसा उभा राहतो, याची माहिती नसल्यामुळे तो पुष्कळदा घडतो. ती माहिती वाचकांना एकत्र मिळावी, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेख देत आहोत.

कायद्याचा पूर्वेतिहास

'पाठलाग' हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आपल्या कायद्यात फार उशिरा आला. सन १८६० च्या भारतीय दंड संहितेत स्त्रीच्या विनयभंगासाठी कलम ३५४ आणि शब्द, हावभाव वा कृतीने तिच्या लज्जेचा अवमान करण्यासाठी कलम ५०९ अशी दोनच मुख्य कलमे होती. अंगाला हात न लावता, उघड अपशब्द न वापरता महिनोन्महिने मागे फिरणारा मनुष्य या दोन्ही कलमांच्या फटीतून निसटत असे.

ही दोन कलमे असतानाही न्याय किती लांबत असे, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. सन १९८८ मध्ये चंदीगड येथील एका मेजवानीत पंजाबचे तत्कालीन पोलीस महासंचालक के.पी.एस. गिल यांनी गैरवर्तन केल्याची फिर्याद भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी रूपन देओल बजाज यांनी दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तिला पुन्हा जीवदान दिले. १९९६ मध्ये गिल दोषी ठरले आणि ती दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयात कायम होईपर्यंत २००५ साल उजाडले. फिर्यादी स्वतः वरिष्ठ अधिकारी असतानाही सतरा वर्षे लागली.

दिल्लीत १९९६ साली कायद्याच्या एका विद्यार्थिनीचा तिच्याच घरी खून झाला. आरोपी दीर्घकाळ तिचा पाठलाग करीत होता. तिने त्याच्याविरुद्ध वारंवार पोलिसांकडे तक्रारी केल्या होत्या आणि तिला पोलीस संरक्षणही देण्यात आले होते. १९९९ मध्ये आरोपी सुटला, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवून फाशी सुनावली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. जिवंतपणी तिने केलेल्या तक्रारींना नेमके नाव देणारे कलम तेव्हा कायद्यात नव्हते.

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर केंद्र शासनाने न्यायमूर्ती जे.एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. न्यायमूर्ती लीला सेठ आणि ज्येष्ठ विधिज्ञ गोपाल सुब्रमण्यम हे तिचे अन्य सदस्य होते. समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला आणि त्यानंतर झालेल्या फौजदारी कायदा दुरुस्तीने लैंगिक छळ (३५४-अ), विवस्त्र करण्याचा प्रयत्न (३५४-ब), चोरून पाहणे वा चित्रण करणे (३५४-क) आणि पाठलाग (३५४-ड) हे नवे गुन्हे निर्माण झाले. त्याच वेळी विनयभंगाची शिक्षा किमान एक वर्ष व कमाल पाच वर्षे अशी वाढविण्यात आली.

या दुरुस्तीवर मार्च २०१३ मध्ये संसदेत जी चर्चा झाली, तीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुलींच्या मागे कोण गेलेले नाही, अशा आशयाचा प्रश्न लोकसभेत एका ज्येष्ठ सदस्याने केला होता. मूळ प्रस्तावाची धार याच काळात बोथट झाली आणि पाठलागाचा पहिला गुन्हा जामीनपात्र ठेवण्यात आला. त्याचे परिणाम आजही जाणवतात.

आजचा कायदा

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने, फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने आणि पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुन्या दंड संहितेची कलमे लागतात आणि त्यानंतरच्या गुन्ह्याला नवी. या लेखाच्या विषयाशी संबंधित मुख्य कलमे पुढीलप्रमाणे आहेत.

कलम ७८, पाठलाग : स्त्रीने आपली अनिच्छा स्पष्ट दर्शविल्यानंतरही जो पुरुष तिच्याशी वैयक्तिक जवळीक साधण्यासाठी वारंवार तिच्या मागे जातो व संपर्क करतो वा तसा प्रयत्न करतो, तो या गुन्ह्यास पात्र ठरतो. स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणे हाही याच कलमाखालील गुन्हा आहे. प्रथम दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड, तर दुसऱ्या वा त्यापुढील दोषसिद्धीस पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा प्रतिबंधासाठी शासनाने सोपविलेले काम, कायद्याने घातलेले बंधन अथवा त्या परिस्थितीत वाजवी ठरणारे वर्तन, असे तीन अपवाद कायद्याने ठेवले आहेत.

कलम ७५, लैंगिक छळ : नकोसा स्पर्श व लगट, लैंगिक सुखाची मागणी आणि इच्छेविरुद्ध अश्लील चित्रे दाखविणे यांस तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, दंड वा दोन्ही. लैंगिक शेरेबाजीस एक वर्षापर्यंत कारावास, दंड वा दोन्ही.

कलम ७४ हे विनयभंगाच्या हेतूने केलेल्या हल्ल्यासाठी किंवा बळाच्या वापरासाठी आहे. कलम ७७ चोरून चित्रण करण्यासाठी, कलम ७९ शब्द व हावभावांनी केलेल्या अवमानासाठी आणि कलम ३५१ धमकीसाठी आहे. निनावी पत्राने वा ओळख लपवून दिलेल्या धमकीस कलम ३५१ मध्येच अधिक शिक्षा सांगितली आहे.

मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. लैंगिक हेतूने बालकाच्या वारंवार मागे जाणे, त्याच्यावर नजर ठेवणे किंवा त्याच्याशी प्रत्यक्ष वा इलेक्ट्रॉनिक माध्यमाने सतत संपर्क साधणे हे या कायद्याच्या कलम ११ खाली लैंगिक छळ ठरते. कलम १२ प्रमाणे त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. हा कायदा मुलगा व मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन कलम १९ ने घातले आहे. शाळा, वसतिगृहे व शिकवणीवर्ग चालविणाऱ्यांनी 'आपण आतल्या आत मिटवू' ही सवय सोडली पाहिजे, कारण माहिती दडविणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई खासगीपणाचा भंग करणाऱ्या छायाचित्रणासाठी, तर ६७ व ६७-अ अश्लील मजकूर प्रसारित करण्यासाठी आहे. कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. त्याखाली आता कोणतीही फिर्याद होऊ शकत नाही.

'वारंवार' आणि 'स्पष्ट अनिच्छा'

कलम ७८ चा सारा भार या दोन कल्पनांवर आहे आणि बहुतेक खटले येथेच डळमळतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये अकोल्याच्या एका प्रकरणात असा निर्णय दिला की, एकदाच मागे जाणे म्हणजे कायद्याच्या अर्थाने पाठलाग नव्हे. कृत्याची पुनरावृत्ती सिद्ध व्हावी लागते. पाठलागाची दोषसिद्धी त्यामुळे टिकली नाही. तथापि मुख्य आरोपीने घरात शिरून केलेल्या लैंगिक छळाबद्दलची दोषसिद्धी न्यायालयाने कायम ठेवली.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, फिर्यादीत 'तो नेहमी त्रास देतो' एवढेच वाक्य असले तर ते पुरेसे नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोठे आणि काय घडले, अशा निदान दोन-तीन तरी निरनिराळ्या घटना स्वतंत्रपणे लिहिल्या पाहिजेत. दुसरा धडा असा की, घडलेल्या प्रत्येक कृत्याला त्याचे योग्य कलम लागले पाहिजे. हात धरला असेल तर ७४, अश्लील शेरा मारला असेल तर ७५ किंवा ७९ आणि धमकी दिली असेल तर ३५१. सारा खटला एकाच कलमाच्या खुंटीला टांगला आणि ती खुंटी निघाली, तर काहीच उरत नाही.

अनिच्छा कशी दर्शवावी, याचा विशिष्ट नमुना कायद्यात नाही. तोंडी नकारही पुरेसा आहे. परंतु तो कोणासमोर दिला, हे सांगता आले तर पुराव्याचे बळ वाढते. 'मला तुझ्याशी बोलायचे नाही, यापुढे संपर्क करू नये' असा एकच स्पष्ट संदेश पाठवून त्यानंतर कोणतेही उत्तर न देणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. भीतीपोटी गोड बोलून वेळ मारून नेण्याचा सल्ला घरातील वडीलधारी माणसे कधी कधी देतात. बचावपक्ष पुढे तेच संदेश संमतीचा पुरावा म्हणून दाखवितो.

फिर्याद कशी नोंदवावी

समजा, ढोकीची एक तरुणी रोज धाराशिवला कॉलेजला जाते आणि एक तरुण बसस्थानकापासून कॉलेजच्या दारापर्यंत तिच्या मागे येतो. गुन्हा अंशतः ढोकीत, अंशतः बसमध्ये आणि अंशतः धाराशिवमध्ये घडला. अशा वेळी 'हे आमच्या हद्दीत नाही' असे उत्तर कोणतेही ठाणे देऊ शकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घेणे बंधनकारक आहे. यालाच 'झिरो एफ.आय.आर.' म्हणतात. माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते.

पीडितेची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्याने नोंदवावी, असे कायदा सांगतो. ही तरतूद ७४ ते ७९ या सर्व कलमांना लागू आहे. पुढील जबाबासाठी स्त्रीला तिच्या निवासस्थानाखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही. नोंदविलेल्या फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी आणि घरी जाण्यापूर्वीच वाचून पाहावी. तारखा, नावे व घटनांचा क्रम चुकला असेल, तर दुरुस्तीची वेळ तीच असते.

येथे एक नेहमीची अडचण सांगणे आवश्यक आहे. पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे. असे असूनही ग्रामीण भागात पुष्कळदा शिवीगाळ वा धमकीची अदखलपात्र नोंद, म्हणजे 'एन.सी.' करून पावती हातात दिली जाते. न्यायालयाच्या आदेशाशिवाय एन.सी.चा तपास होत नाही, ही गोष्ट फिर्यादी कुटुंबाला ठाऊक नसते आणि ते निश्चिंत होऊन घरी परततात. हाती पडलेला कागद एफ.आय.आर. आहे की एन.सी., हे प्रथम पाहावे.

तीन वर्षे किंवा अधिक, परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या संहितेने दिली आहे. त्यामुळे 'चौकशी चालू आहे' या उत्तराला चौदा दिवसांची मर्यादा आहे. नोंद नाकारली गेल्यास धाराशिव येथील पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज टपालाने पाठवावा. त्यानेही काम न झाल्यास प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि ते तपासाचा आदेश देऊ शकतात.

मुदतीचाही विचार करावा लागतो. एक ते तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्यास तीन वर्षांची, तर एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यास एक वर्षाची मुदत आहे. 'परीक्षा संपू दे, मग बघू' असे म्हणत वर्ष निघून गेले, तर लैंगिक शेरेबाजीची फिर्याद मुदतबाह्य होण्याचा धोका असतो.

पुरावा जपण्याची रीत

अशा खटल्यांत पीडितेची साक्ष हाच मुख्य पुरावा असतो. ती विश्वासार्ह वाटल्यास केवळ तिच्यावरही दोषसिद्धी होऊ शकते. परंतु तिला आधार देणाऱ्या गोष्टी जितक्या अधिक, तितकी उलटतपासणी सुकर होते. आमच्या मते प्रत्येक कुटुंबाने पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात.

एका साध्या वहीत प्रत्येक घटनेची नोंद त्याच दिवशी करावी. संदेश, कॉलची नोंद, छायाचित्रे पुसू नयेत आणि संतापाने मोबाईल फोडू वा विकू नये. केवळ स्क्रीनशॉट पुरेसे नसतात, मूळ उपकरण हवे. बसस्थानक, दुकान वा कॉलेज येथील सीसीटीव्हीचे चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते. म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी विनंती पोलिसांकडे व संबंधितांकडे लगेच करावी. सोबत प्रवास करणाऱ्या मैत्रिणी, एस.टी.चे वाहक, रिक्षाचालक, शिपाई हे सर्व साक्षीदार होऊ शकतात. त्यांची नावे फिर्यादीतच यावीत.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निर्णय मराठवाड्यातूनच गेलेल्या प्रकरणात झाला आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीसंबंधीच्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ उपकरण न्यायालयात हजर केलेले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यकच आहे. आज ही तरतूद साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये असून प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. निवडणुकीच्या वादातील हा निर्णय खेड्यातल्या मुलीच्या व्हॉट्सॲप संदेशांनाही तितकाच लागू पडतो. हे प्रमाणपत्र जोडले आहे काय, असे तपास अधिकाऱ्यास नम्रपणे विचारण्याचा फिर्यादीस पूर्ण अधिकार आहे.

खोट्या नावाच्या खात्यावरून त्रास देणारा सापडत नाही, हा समजही चुकीचा आहे. मुंबईत २००९ साली एका तरुणीला अनोळखी ई-मेलवरून अश्लील मजकूर येऊ लागला. तपासाअंती सापडलेला आरोपी २०१५ मध्ये महानगर दंडाधिकारी न्यायालयात जुन्या कलम ५०९ व माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली दोषी ठरला. सायबर पाठलागाबद्दल राज्यात झालेली ही पहिली शिक्षा म्हणून तिची नोंद घेतली गेली. तेथेही निकालास सहा वर्षे लागली, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही.

अटक, जामीन आणि मधला काळ

फिर्याद दिली की आरोपी लगेच तुरुंगात जाईल, अशी अपेक्षा बाळगली तर निराशा पदरी येते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक सरसकट होत नाही. पोलीस आरोपीस हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. पाठलागाचा पहिला गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे अटक झाली तरी जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. पाच वर्षांची शिक्षा आणि अजामीनपात्रता ही दुसऱ्या दोषसिद्धीसाठी आहे. याचा अर्थ असा की, पहिल्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्याने पुन्हा पाठलाग केला, तरी केवळ या कलमाखाली तो पुन्हा जामिनावर सुटू शकतो. कायद्यातील ही उणीव गंभीर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण फिर्यादीनंतरचे दिवस पीडितेसाठी अत्यंत धोक्याचे असू शकतात.

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे काय घडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी कॉलेजात शिकविण्यास निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर तिच्या मागे लागलेल्या इसमाने भररस्त्यात पेट्रोल टाकून पेटविले. १० फेब्रुवारी रोजी नागपूरच्या रुग्णालयात तिचे निधन झाले. विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांची नेमणूक झाली आणि १० फेब्रुवारी २०२२ रोजी, तिच्या मृत्यूला बरोबर दोन वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, आरोपीस जन्मठेप सुनावली गेली. खुनाचा खटला दोन वर्षांत निकाली निघाला. परंतु असे प्रसंग खुनापर्यंत जाऊ नयेत यासाठीच पाठलागाचे कलम आहे आणि त्याचा उपयोग वेळीच झाला पाहिजे.

या मधल्या काळासाठी कायद्यात काही प्रतिबंधक उपाय आहेत. दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी पोलीस आरोपीस नोटीस बजावू शकतात. लोक तिला जुन्या क्रमांकाने '१४९ ची नोटीस' म्हणतात, आता ती कलम १६८ खाली येते. शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्याची, म्हणजेच 'चॅप्टर केस'ची कारवाई कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर चालते आणि तालुक्यात हे अधिकार तहसीलदारांकडे असतात. सराईत उपद्रवी माणसास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली हद्दपार करता येते. आरोपीने साक्ष फिरविण्यासाठी धमकी दिल्यास न्याय संहितेच्या कलम २३२ प्रमाणे तो सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा होतो. तसेच सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखालीही अर्ज करता येतो. फिर्यादीनंतर घडलेल्या प्रत्येक नव्या घटनेची नवी लेखी तक्रार द्यावी. 'एकदा दिली आहे' म्हणून गप्प बसू नये.

न्यायालयातील वाटचाल

तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादी वा पीडितेस कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर खटला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो, पोक्सोचा असल्यास विशेष न्यायालयात. शासनाच्या वतीने सहायक सरकारी अभियोक्ता काम पाहतात. पीडितेस त्यांच्या साहाय्यासाठी न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकील देता येतो. उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्रीस विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी धाराशिव येथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

दोषारोप निश्चित झाल्यावर साक्षी होतात, आरोपीचा जबाब होतो, युक्तिवाद होतो आणि निकाल लागतो. निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील आणि त्यापुढे उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे जाता येते. उलटतपासणीत अपमानास्पद वा अश्लील प्रश्न रोखण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे. संमतीचा मुद्दा असेल तेव्हा पीडितेचे चारित्र्य वा पूर्वायुष्य गैरलागू मानावे, असा दंडक साक्ष अधिनियमाच्या कलम ४८ ने घातला आहे आणि तो पाठलागाच्या गुन्ह्यालाही लागू आहे.

आरोपीचीही बाजू येथे सांगितली पाहिजे. वाजवी संशयापलीकडे गुन्हा सिद्ध होईपर्यंत तो निर्दोष मानला जातो. शेतीच्या वा भावकीच्या वादातून खोटी फिर्याद झाल्याचा बचाव न्यायालयात नेहमी घेतला जातो. म्हणून फिर्यादीत एक शब्दही वाढवून सांगू नये. न घडलेली एक गोष्ट घुसडली, तर घडलेल्या नऊ गोष्टींवरचा विश्वास उडतो.

बैठक, माफी आणि राखी

गावात असे प्रकरण झाले की चार प्रतिष्ठित माणसे बैठक बसवितात. मुलगा माफी मागतो, कधी मुलीकडून त्याला राखी बांधवून घेतली जाते आणि विषय संपला असे जाहीर होते. हेतू चांगला असेलही. परंतु या तोडग्याविषयी सर्वोच्च न्यायालय काय म्हणते, हे त्या प्रतिष्ठितांनी जाणून घेतले पाहिजे. मध्य प्रदेशातील एका विनयभंगाच्या प्रकरणात २०२० साली उच्च न्यायालयाने आरोपीने फिर्यादी स्त्रीकडून राखी बांधून घ्यावी, अशी जामिनाची अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ रोजी ती अट रद्द केली. अशा अटी गुन्ह्याचे गांभीर्य कमी करतात आणि जामिनाच्या अटी आरोपीस पीडितेपासून दूर ठेवणाऱ्या असाव्यात, असे मार्गदर्शन न्यायालयाने सर्व न्यायालयांना केले.

पाठलागाचा गुन्हा कायद्याने आपसांत मिटविता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. राजस्थानातील एका शिक्षकाविरुद्ध विद्यार्थिनीच्या छळाचा गुन्हा पालकांशी झालेल्या तडजोडीच्या आधारे रद्द झाला होता. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरविला आणि खटला पुढे चालविण्यास सांगितले. अशा तडजोडींतून साक्षीदार फितूर होतात, मुलीचे लग्न दूर गावी होते, समन्स परत येते आणि आरोपी निर्दोष सुटतो. मग तीच माणसे म्हणतात की, तक्रार खोटी होती.

राज्यात 'शक्ती' विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केले होते, परंतु राष्ट्रपतींच्या संमतीअभावी त्याचा कायदा होऊ शकला नाही. नव्या कायद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा जो आहे तो नीट वापरणे, हेच आज आपल्या हाती आहे.

उपयोगी क्रमांक

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, बालकांसाठी चाइल्डलाइन १०९८ आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० हे क्रमांक आहेत. ऑनलाइन छळाची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर करता येते. नोकरीच्या ठिकाणी छळ होत असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी किंवा तक्रार मालकाविरुद्धच असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. ही तक्रार पोलीस फिर्यादीला पर्याय नसून दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले आहेत.

पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, मुलीने घरी येऊन अशी गोष्ट सांगितली, तर तिला पहिला प्रश्न 'तू काय केलेस?' असा विचारू नये. ती सांगेल ते त्याच दिवशी तारखेसह लिहून घ्यावे, दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत ठाण्यात जावे आणि तिसऱ्या दिवशी तिला नेहमीच्या गाडीने कॉलेजला पाठवावे, शक्य तर काही दिवस घरातले कोणी सोबत जावे. तिचे शिक्षण सुरू राहिले, तर साक्षीच्या दिवशी ती न्यायालयात ताठ मानेने उभी राहील.